दुहेरी भिंत

"तुमच्या घरी तर दिवसभर नुसता हशाच पिकत असेल, नाही का?" भिंतीतल्या भोकातून पोरीचा आवाज आला, आणि नोएमीच्या हातातली थापी मालासकट जागच्या जागी थांबली.

ते भोक मुळात तिथं असायलाच नको होतं. शनिवारी विद्यापीठातली मुलंमुली सोसायटीच्या बांधकामाला हातभार लावायला यायची, आणि उत्साहाच्या भरात त्यांनी सहाव्या आणि सातव्या घरामधल्या भिंतीत विजेच्या बटणांचे दोन डबे बरोबर पाठीला पाठ लावून बसवले होते. मधला थर्माकोलही कापून टाकला होता. इकडून कान लावला की तिकडचा श्वास ऐकू यावा. ओरोस्मान, म्हणजे सोसायटीचा अध्यक्ष आणि बांधकामावरचा मुकादमही तोच, कपाळावर हात मारून म्हणाला होता, "अरे, मग दुहेरी भिंत कशाला बांधली आपण? नोएमी, तुझी भिंत आहे, तूच निस्तर." तुझी भिंत म्हणजे तिचं घर नव्हे. दुहेरी भिंतीचा हट्ट सभेत तिने धरला होता, म्हणून सगळे चिडवायला तसं म्हणायचे. ती सहाव्या घरात उकिडवी बसून माल भरत होती, आणि पलीकडे सातव्या घरात होआकिना नावाची विद्यार्थिनी माल सांडू नये म्हणून फळी धरून बसली होती. बाहेर, अर्ध्या कापलेल्या पिंपावरच्या जाळीवर, नोएमीचा नवरा विल्मार सॉसेजं भाजत होता आणि भाजता भाजता तपासणीला येणाऱ्या सरकारी इंजिनिअरची नक्कल करत होता. तो इंजिनिअर म्हणे प्रत्येक खिडकीला आधी नमस्कार करतो आणि मग मोजतो. माणसं पोट धरून हसत होती.

"असतं काहीतरी चालू," नोएमी म्हणाली.

"आमचे बाबा म्हणजे घुमे. आई म्हणते, यांच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. तुम्ही नशीबवान आहात हं, नोएमीबाई."

"हो ना," नोएमी म्हणाली. दुसरं काय म्हणणार? थापीवरचा माल घसरून तिच्या बुटावर पडला.

गुरुवारपासून विल्मार घरात तिच्याशी एक अक्षर बोललेला नव्हता. गुरुवारी जेवताना ती एवढंच म्हणाली होती की मसुराचं कालवण जरा करपलं, लक्षच राहिलं नाही. त्यात त्याला काय लागलं, की काहीच लागलं नाही आणि त्याला फक्त निमित्त हवं होतं, हे तिला कळलं नव्हतं आणि आता जाणून घ्यायची ताकदही उरली नव्हती. त्याने चमचा खाली ठेवला. चेहरा मिटला. तो चालवतो त्या बसचं मागचं दार सुस्कारा सोडून मिटतं तसा. की संपलं. मग कधी चार दिवस, कधी महिना. मारझोड नाही, दारू नाही, शिवी नाही. कांदा आणतो, गॅसचं नळकांडं बदलतो, तिचा चष्मा टेबलाच्या कडेला असला तर आत सरकवून ठेवतो. फक्त बोलत नाही. ती समोर बसलेली असली तरी नजर तिच्यातून आरपार जाऊन मागच्या कॅलेंडरवर टेकते. मुलगा लेओनेल लहान होता तेव्हा निदान टपाल होतं. "तुझ्या आईला सांग, मीठ दे." आई हाताच्या अंतरावर. पोरगं इकडे बघे, तिकडे बघे, मग म्हणे, "आई, मीठ." एकदा त्याने मुद्दाम "आई, बाबा म्हणतात तू आज छान दिसतेस" असा खोटाच निरोप आणला होता आणि तिने तो दिवसभर जपला होता. आता लेओनेल स्पेनमध्ये कुठल्याशा गोदामात कामाला लागला आहे. रविवारी त्याचा फोन येतो, विल्मार त्याच्याशी खदखदून हसतो, फुटबॉलवरून त्याला चिडवतो, "घे, तुझी आई" म्हणून फोन तिच्या हातात देतो. ती बोलून फोन ठेवते आणि खोलीत पुन्हा अबोल्याचं पाणी चढू लागतं. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. त्यात बुडून कुणी मरत नाही, हेच तर वाईट.

त्या खोलीत तिने दिवस काढले ते शेजाऱ्यांच्या जिवावर, हे मात्र तिला आता या घटकेला, सहाव्या घराच्या उघड्या फरशीवर, हातात थापी असताना, पहिल्यांदा दिसलं. मोन्तेविदेओच्या जुन्या भागात, बंदरामागच्या एका भाड्याच्या बिऱ्हाडात त्यांची खोली. खोल्यांमध्ये नुसत्या प्लायवूडच्या फळ्या. पलीकडे म्हातारा अनिबाल. त्याचा खोकला, त्याचा रेडिओ, गोल झाला की त्याने फळीवर मारलेली थाप. कधी तो मध्येच ओरडायचा, "ऐकलंस का, नोएमी? पुन्हा माती खाल्ली आपल्या लोकांनी!" आणि ती इकडून ओरडायची, "ऐकलं, ऐकलं!" समोरच्या खोलीतली बाई मांसाचे तुकडे कुटून पातळ करायची, धब धब धब, त्याच्या तालावर नोएमी कपडे घडी करायची. आणि याच आवाजांना ती शिव्या द्यायची! जरा म्हणून डोळा लागू देत नाहीत मेले. पहिल्या हिवाळ्यात सोसायटीची सभा एका शाळेच्या कवायतीच्या खोलीत भरली होती, सगळ्यांच्या काखेत गरम पाण्याचे थर्मास, येर्बाच्या कडू चहाची वाटी हातोहात फिरत होती, आणि ती, कधी चार माणसांत तोंड न उघडणारी बाई, उठून उभी राहिली होती. "एकवेळ पत्र्याचं छप्पर चालेल मला," ती म्हणाली होती, "पण भिंत दुहेरी हवी. मध्ये थर्माकोल हवा. आयुष्यभर आपण दुसऱ्याचा खोकला ऐकत आलो. आपल्या पोरांना तरी स्वतःचं घर म्हणजे काय ते कळू दे." टाळ्या पडल्या होत्या. विल्मार सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता. "माझी बायको म्हणजे इंजिनिअरीण आहे बरं!" म्हणाला होता, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. त्या हाताची ऊब तिला अजून आठवते.

भोकातून होआकिनाचं एक बोट आत आलं आणि वळवळलं. "आहात ना, नोएमीबाई?"

"आहे गं. माल जरा पातळ झाला. घट्ट करते."

यातलं कुठलं घर आपलं, हे सोसायटीत कुणालाच माहीत नसतं. घरं सगळ्यांनी मिळून बांधायची, प्रत्येक कुटुंबाने आठवड्याचे ठरलेले तास द्यायचे, आणि सगळ्या घरांवर छपरं चढली की बादलीत चिठ्ठ्या टाकून घरं वाटायची. त्याआधी "माझं घर" म्हणायचं नाही. ज्याच्या तोंडून "माझं" निसटेल त्याने त्या दिवशीच्या जेवणाचं मोठं पातेलं घासायचं. पहिल्या वर्षी ते पातेलं रोज कुणी ना कुणी घासत होतं, मग हळूहळू जिभा सरळ झाल्या. नोएमीने एकदाही घासलं नाही. तिने कौतुक वाटावं इतके तास दिले. शिवणकामाच्या कारखान्यातून सुटली की थेट इथं, सुट्टीला इथं, विल्मारची बसवर पाळी असेल तेव्हा त्याच्या वाट्याचंही इथं. नोएमीसारखी कामसू बाई नाही, असं सगळे म्हणत. तीही तसंच समजत होती. पण नशीबवान म्हणे! खरं कारण आज असं समोर येऊन बसलं की तिला घमेल्याकडे बघवेना. या जागेवर, चार माणसांच्या देखत, तिचा नवरा तिच्याशी बोलतो. "नोएमी, जरा वाळू दे गं." "नोएमी, सांग यांना, मी लग्नात कसा पडलो होतो ते." ती सांगते. तो हसतो. भूक लागल्यासारखी ती घमेलं घेऊन जिथं माणसं असतील आणि तो असेल तिथं जाऊन उभी राहते. इथून घरी जाताना बसमधून उतरेपर्यंत तिला नवरा असतो. आणि उद्या रविवारी बादली. उद्या बांधकाम संपलं. उद्यापासून दार लावलं की आतमध्ये दोघंच, आणि चारही बाजूंनी तिने स्वतः ओळंबा लावून उभी केलेली भिंत. ना अनिबालचा खोकला, ना ते धब धब. कोंडवाडा बांधायला माणसं गवंडी लावतात, तिने तो फुकटात आपल्या हातांनी बांधला होता.

वेगळं व्हायचं म्हटलं तर घर एकच, आणि ते कुणाकडे राहणार हे सभा ठरवते. मागच्या वर्षी बेआत्रिसचं असंच झालं. ती काळानिळा डोळा घेऊन सभेला आली, सगळ्यांनी बघितलं आणि चहाची वाटी एक फेरी पुरी करायच्या आत निकाल लागला. नवरा बाहेर. नोएमीनेही हात वर केला होता. पण ती स्वतः काय दाखवणार? हा माणूस घरात माझ्याशी बोलत नाही? विल्मार? जो पावसात ओरोस्मानच्या आईला बसमधून उचलून घरी सोडतो, ज्याच्याशिवाय सोसायटीत वाढदिवस होत नाही, तो बोलत नाही? लोक तिच्याकडे बघतील आणि मग, चांगुलपणानेच, तिची समजूत घालतील.

"नोएमीबाई, आता एवढंच राहिलंय," पलीकडून होआकिना म्हणाली. बटणाएवढ्या फटीतून तिचा एक डोळा दिसत होता, हसरा. "तुमचं नाक दिसतंय मला."

"मागे हो. डोळ्यात जाईल." तिने थापीने शेवटचा माल दाबला, अंगठ्याने पुन्हा दाबला. मग जरा थांबून म्हणाली, "होआकिना?" आणि मग मोठ्यांदा, "होआकिना, ऐकू येतंय का?"

पलीकडून काही आलं नाही. भिंत चांगली भरली गेली होती.

संध्याकाळी बसमध्ये विल्मार पुढे उभा राहून चालकाशी गप्पा मारत होता, चालक त्याच्या ओळखीचा. त्याच्या प्रत्येक वाक्याला पुढच्या दोन रांगा हसत होत्या. नोएमी मागच्या बाकावर बसली आणि मनातल्या मनात वाक्य जुळवू लागली. उद्या बादलीआधी ओरोस्मान विचारेल, नेहमीप्रमाणे विचारेल, की कुणाला काही बोलायचं आहे का, बादलीनंतर तक्रार चालणार नाही. तेव्हा उठायचं. "मला या माणसाबरोबर राहायचं नाही." नको, फार मोठं. "आमचं पटत नाही." कुणाचं पटतं? "तो बोलत नाही." हे खरं, पण म्हणून बघितलं की हातात काही राहत नव्हतं, साबण विरघळावा तसं. तिने ते काचेला तोंड लावून कुजबुजून पाहिलं. काचेवर वाफ धरली. शेजारच्या बाईने पिशवी जवळ ओढून घेतली. उतरायची वेळ झाली तेव्हा विल्मारने पुढून हाक मारली, "चला राणीसाहेब, आलं!" आणि चालक हसला. तीही हसली, तिला हसू आवरलं नाही. फुटपाथवर पाय पडला, बस निघून गेली, आणि त्याचा चेहरा मिटला.

रविवारी सगळे न्हाऊनधुऊन आले होते. बादली तीच, माल कालवायची, पण कोकाने घासून तिला निळी फीत बांधली होती. कोका म्हणजे नोएमीची जवळची मैत्रीण, एकटी बाई, दोन मुली आणि शहराला पुरेल एवढा आवाज. कालची विद्यार्थी मंडळीही बघायला आली होती. गोड भाकऱ्या तळल्या जात होत्या. ओरोस्मान खुर्चीवर चढला आणि खाकरला. "तर मंडळी. बादलीआधी कुणाला काही बोलायचं आहे? नंतर माझ्याकडे यायचं नाही."

नोएमी उठू लागली. ती खरोखरच उठत होती. बाकाच्या कडेला धरलेले हात सुटले होते, तोंड उघडलं होतं, पहिला शब्द जिभेवर होता.

"मला बोलायचंय!" शेजारून विल्मारच ओरडला. "मला घर कुठलंही द्या, पण या कोकापासून लांब द्या. ही गायला लागली की दुहेरी काय, तिहेरी भिंतसुद्धा पुरायची नाही!"

हशाचा असा लोंढा आला की खुर्चीवर ओरोस्मान डगमगला. "मेल्या, बघून घेईन तुला!" कोका ओरडली आणि डोळे पुसू लागली. आणि नोएमी, अर्धवट उठलेली, तशीच वाकलेली, हसत होती. तिचं तिलाच ऐकू येत होतं. होआकिनाने लांबून तिच्याकडे बघून हात हलवला. नोएमी खाली बसली. ओरोस्मान म्हणाला, "झालं? आणखी कुणी? नाही? मग चला," आणि बादली फिरू लागली.

चिठ्ठी तिनेच काढली. विल्मारने सगळ्यांसमोर तिचा हात धरून उंच केला, "काढ गं, तुझ्या हाताला यश आहे!" म्हणाला. निघालं ते रांगेतलं शेवटचं, कोपऱ्यावरचं घर. एका बाजूला मोकळं माळरान, दुसऱ्या बाजूला एकच शेजार. आणि पुढची चिठ्ठी कोकाची, तोच शेजार. पुन्हा हशा. कोकाने विल्मारच्या गळ्यात पडून त्याच्या कानात किंचाळून दाखवलं. चहूकडे माणसं "माझं, माझं" म्हणत धावत सुटली होती. वर्षानुवर्षांचं अडवलेलं "माझं" एकदम फुटलं होतं, बाया दाराच्या चौकटींचे मुके घेत होत्या. नोएमीनेही तोंड उघडून पाहिलं. शब्द आला नाही.

विल्मार शीळ घालत पुढे चालला होता. वाटेत दोघांना टाळी दिली, एका पोराला खांद्यावर घेऊन उतरवलं. कोपऱ्यावरच्या घराचं दार त्याने उघडलं, उंबरा ओलांडला आणि शीळ थांबली. तिने आत येऊन दार लावलं, सवयीने. लावल्याबरोबर बाहेरचा गलका कापल्यासारखा तुटला. काय सुरेख काम झालं होतं! खिडकीतून माणसं नाचताना दिसत होती, त्यांची तोंडं उघडत मिटत होती. विल्मार खिडकीशी उभा राहिला. पाठमोरा. ती कोकाच्या भिंतीशी गेली आणि मुठीने ठोकलं. मग तळव्याने. या भिंतीतला थर्माकोल तिने स्वतः बसवला होता, एक फट राहू दिली नव्हती. पलीकडे कोका नक्की गात असणार, मुली धुडगूस घालत असणार.

"विल्मार," ती म्हणाली. "छान झालंय ना?"

तो खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवत राहिला.

"विल्मार, मी तुझ्याशी बोलतेय."

बोट कोपऱ्यापर्यंत गेलं आणि परत आलं.

कोपऱ्यात कुणाचं तरी राहिलेलं सामान पडलं होतं, रंगाचा डबा, एक छिन्नी, एक हातोडा. ती मांडी घालून बटणांच्या रिकाम्या डब्यासमोर बसली. तिच्या डोक्यात काही ठरलेलं नव्हतं. छिन्नी डब्याच्या पाठीला लावली आणि हातोडा मारला. पत्रा वाकला. दुसऱ्या घावाला विटेचा कपचा उडाला. विटा पोकळ होत्या, कुठे मारलं की कुठे फुटतात हे तिच्या हातांना पाठ होतं. लाल भुगा मांडीवर पडू लागला, न्हालेल्या केसांत, जिभेवर. मग छिन्नी एकदम मऊ जागी शिरली. थर्माकोल. तिने तो बोटांनी ओरबाडून काढला, पांढरे दाणे फरशीभर पळाले.

"काय करतेयस तू?" विल्मार म्हणाला.

गुरुवारनंतरचे, चार भिंतींआडचे, त्याचे ते पहिले शब्द. कितीदा तिने अशा पहिल्या शब्दांची वाट पाहिली होती, किती वेळा ते आल्यावर उपकार झाल्यासारखी उठून चहाला पाणी ठेवलं होतं. तिने उत्तर दिलं नाही. मुद्दाम नव्हे, तिला हातातलं काम सोडवेना. पलीकडची वीट उरली होती. तिने छिन्नी आत घातली आणि सगळा खांदा लावून हाणली.

वीट पलीकडे पडली, आणि त्या मुठीएवढ्या भोकातून सगळं एकदम आत आलं, मुलींचा गोंधळ, रेडिओवरची ड्रमची गाणी, आणि कोकाची किंकाळी. "अगं बाई! भिंत कोसळली! कोण आहे तिकडे? नोएमी?"

विल्मारचा चेहरा उघडला. तिने तो उघडताना पाहिला, इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. डोळ्यांत दिवा लागला, ओठ सैल झाले, तो वाकून तिच्या खांद्यावर हात ठेवून भोकात तोंड घालून ओरडला, "काही नाही गं कोका! आमच्या इंजिनिअरणीला तुझी आठवण येऊन राहवेना! म्हणाली, दारातून जायला किती वेळ लागतो, थेटच जाते!"

पलीकडे कोका हसली. तिचं ते मोठं, भांड्यांच्या खणखणाटासारखं हसणं. तिच्या मुलीही हसल्या. विल्मारचा हात खांद्यावर उबदार होता, त्याने जरासं दाबलंही, चल, आता तूही हस. आणि तिच्या घशाशी ते आलं, कालचं, सकाळचं, सगळ्या वर्षांचं तयार हसू. जरा तोंड उघडलं असतं तर बाहेर पडलं असतं.

तिने त्याचा हात खांद्यावरून उचलून बाजूला ठेवला आणि भोकाजवळ सरकली. विटेच्या धारदार कडेला गाल टेकला.

"कोका," ती म्हणाली, "हसू नकोस."

पलीकडे हसणं थांबलं. कुणीतरी रेडिओ बंद केला. भोकातून कोकाचा श्वास ऐकू येत होता, जवळ आलेला.

"ऐकलंस काय, कोका, हिला आज जरा..." विल्मार मागून म्हणू लागला.

"तू गप रे," भोकातून कोकाचा आवाज आला. मग हळू, तिच्या त्या आवाजाला कधी जमलं नव्हतं इतका हळू, "नाही हसत मी. येऊ का तिकडे?"

"नको. तिथंच बस. नुसतं ऐक."

"बसले. बोल."

नोएमीने छिन्नी खाली ठेवली आणि मसुराच्या कालवणापासून सांगायला सुरुवात केली.